रविवारची गोळी

माझा थोरला भाऊ विजेच्या टॉवरवर चढून तारा ओढायचा. गल्लीत त्याला ‘आभाळ’ म्हणत. दाराशी येऊन लोक विचारायचे, “आभाळ उतरलं का घरी?”

जंगलातून नवी लाइन टाकायचं काम निघालं, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी सगळ्या टोळीला हिवतापाच्या गोळ्या दिल्या. ताप आल्यावर घ्यायच्या नव्हेत, येऊ नये म्हणून. दर रविवारी एक, निघण्याआधीपासून सुरू करायची आणि परतल्यावरही काही आठवडे चालू ठेवायची. “चक्कर आली तर अंगावर काढू नका. मला सांगा, गोळी बदलून देतो,” असं त्यांनी बजावलं होतं.

पहिल्याच गोळीनं दादा ओट्याला धरून उभा राहिला.

“काय होतंय?” वहिनीनं विचारलं.

“जमीन जरा हलली.”

“मग सांगा डॉक्टरांना.”

“सांगतो की! म्हणजे मुकादम मला खाली दोर धरायला उभा करेल.”

“अहो, दुसरी गोळी देतील ना.”

“गोळी बदलेल गं. एकदा चक्करवाला म्हणून नाव पडलं, ते नाही बदलत.”

मी म्हटलं, “आणि डास चावले तर?”

“माझं ऑफिस एवढं उंच, डासाला वर येईपर्यंत धाप लागेल.”

“झोपतोस खालीच ना?”

तो हसला. पण वहिनी हसेना, तेव्हा म्हणाला, “घेईन. देवाशपथ.”

मग दर रविवारी वहिनीचा फोन. बाकी काही विचारायच्या आधी, “घेतली का?”

“घेतली, बाई, घेतली.”

पावसानं काम थांबायच्या बेतात होतं, तेव्हा त्याला थंडी वाजून ताप आला. थकवा असेल म्हणून तो तंबूत पडून राहिला. पुढे बरळायला लागला, तेव्हा मुकादमानं त्याला जीपमध्ये घालून आणलं. हिवताप मेंदूत गेला होता. दवाखान्याच्या बाकावर मी देवाचं नाव घेत बसले, वहिनी नुसती भिंतीकडे बघत होती.

जीव वाचला. तोल मात्र परत आला नाही. “हळूहळू येईलही, खात्री देता येत नाही,” डॉक्टर म्हणाले.

त्याची बॅग घरी आली. तिच्यात टॉवरवर चढताना बांधायचा कमरेचा पट्टा होता, त्याच्या कप्प्यात गोळ्यांचं पाकीट. एकाच गोळीची जागा रिकामी, बाकी सगळ्या तशाच. वहिनीनं ते पाहिलं, पुन्हा कप्प्यात घातलं आणि पट्टा खिळ्याला अडकवला. दादाला ती एका शब्दानं बोलली नाही. देवाची शपथ घेऊन खोटं बोललास, असं मीही म्हणाले नाही. देवानं तरी कुठं म्हटलं असेल? वर चढलेला माझा भाऊ त्याला आमच्यापेक्षा जवळून दिसत होता.

परवा स्वयंपाकघरातला दिवा गेला. वहिनी नवा घेऊन स्टुलावर चढली. दादा भिंत धरत धरत आला.

“तुम्ही बसा बघू,” ती वरून म्हणाली.

“स्टूल तरी धरू दे.”

त्यानं दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरले. स्टूल थरथरायला लागलं. मी जवळ गेले आणि दुसऱ्या बाजूनं धरलं.

“खाली बघू नकोस,” दादा म्हणाला. “वर असताना खाली बघायचं नसतं.”

वहिनीनं बघितलं नाही. दिवा बसवून झाला, तरी बराच वेळ ती तशीच वर तोंड करून उभी होती.