सोळा पानं त्याची, सोळा माझी

गेल्या जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम आठ हजार रुपये. नुसती बोललेली, मिळालेली नव्हे. हजर होतो मी, माझी बायको, माझा थोरला भाऊ, त्याची कॉलेजात जाणारी मुलगी आणि बत्तीस पानांचं एक कॉमिक, दोन वेगवेगळ्या पाकिटांत.

हे कॉमिक आम्ही भावांनी शाळेत असताना एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून पाच रुपयांना घेतलं होतं. अडीच त्याचे, अडीच माझे. त्यात हिरव्या मुखवट्याचा एक महाबली समांतर जगातल्या स्वतःलाच भेटतो. तिकडचा तो पिवळ्या मुखवट्याचा. बाकी चेहरा, ताकद आणि तिरसटपणा तोच.

एकोणीस वर्षांपूर्वी वडील गेले आणि मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या घराची वाटणी झाली. न्याय करायला पालीहून मामा आले. घराच्या मधोमध चिऱ्याची भिंत ठरली. नारळ पाच होते. पाचव्याचं उत्पन्न एक वर्ष त्याचं, एक वर्ष माझं. सगळं शहाण्या माणसांसारखं चाललं होतं. मग ट्रंकेच्या तळातून हे कॉमिक निघालं, आणि घरावरून न झालेलं भांडण त्याच्यावरून झालं. मामांनी पिना उचकटल्या, एकात एक घातलेले आठ मोठे कागद मोजले, बाहेरचे चार मला दिले, आतले चार भावाला.

"सोळा पानं ह्याची, सोळा त्याची. आता कुणी तोंड उघडायचं नाही."

हिशेबात चूक नव्हती. फक्त मला पहिली आठ आणि शेवटची आठ पानं आली, भावाला मधली सोळा. माझ्या आठव्या पानावर आकाशात दार उघडतं आणि महाबलीला स्वतःचंच तोंड दिसतं. पंचविसाव्यावर दोघे एकमेकांचा निरोप घेताहेत आणि महाबलीचा डावा हात झोळीत आहे. मधे काय झालं ते शाळेत वाचलेलं मी पार विसरलो होतो, एकोणीस वर्षं आठवत नव्हतं. विचारायला जायचं तर भावाचं दार अकरा पावलांवर. मी मोजली आहेत. पण मामांची आज्ञा आम्ही दोघांनीही नको इतकी पाळली.

भिंतीपलीकडे तसंच घर, तसाच ओटा, कुकरच्या शिट्ट्याही बरोबरीने. समांतर जगासाठी आकाशात दार कशाला हवं? एक मामा पुरतो.

मग पुतणीने फोनवर जुनी कॉमिकं घेणारं मुंबईचं गिऱ्हाईक शोधलं. अख्ख्या प्रतीचे आठ हजार. 'अख्ख्या' या एका शब्दाने भावाला माझ्या पडवीत आणून बसवलं.

"पानं आणलीस?" तो म्हणाला.

"मी माझ्याच घरात बसलोय, दादा. आणायची होती ती तू."

बायकोने घाईने विचारलं, "भावोजी, चहात साखर किती?"

"वाटणीत आली असेल तेवढी."

पुतणीने पानं फोटोसाठी मांडली आणि कपाळाला हात लावला. माझ्या प्रत्येक पानावर निळ्या शाईत 'वाटणीत मिळाले', खाली तारीख, सही. भावाच्या पानांवर तेच, शिवाय मामांची साक्ष.

"काका, बाबा, हे काय केलंत?"

"पुरावा," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

गिऱ्हाइकाने फोटो पाहून दोनशे रुपये सांगितले. कुरिअरचा खर्च आमचा.

भाऊ उठला आणि आपली पानं गोळा करू लागला. ती पुन्हा भिंतीपलीकडे गेली की मी मेलो तरी दिसणार नाहीत, एवढं मला कळलं.

"दादा, थांब. मधलं वाचू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मग तुझी पानं दे, मेल्या. नवव्यापासून नुसती मारामारी आहे. ह्यांचं लागलं कशावरून, तेच मला अजून आठवत नाही."

आम्ही पानं बदलली. दोन बलाढ्य माणसं पंधरा पानं कशावरून भांडतात? तर खरा कोण आणि नकली कोण यावरून. एक अख्खं शहर मोडतात. चोविसाव्या पानावर पिवळा हिरव्याचा हात पिरगाळून मोडतो आणि लगेच स्वतःचा झगा फाडून झोळीही तोच बांधतो. कारण कुठेही दिलेलं नाही.

भावाने माझं शेवटचं पान वाचून संपवलं. "गेले म्हणजे आपापल्या घरी?"

"हो."

"आणि ते दार?"

"उघडंच राहिलं. पुढचा अंक खपवायचा असेल त्यांना."

तो हसला. आम्ही भिंत पाडली असं कुणी समजू नये. ती पाडायचा खर्च घालण्यापेक्षा जास्त आहे. गिऱ्हाइकाला मात्र नाही कळवलं. कॉमिक आता पाचव्या नारळाच्या नियमाने फिरतं. यंदाचं वर्ष त्याचं, म्हणून अकरा पावलं मला चालावी लागतात.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या बायंडरने आठही कागद पुन्हा एकात एक घालून शिवले. साठ रुपये झाले. तीस भावाने दिले, तीस मी. पावती एकच मिळाली. ती मी भावाला दिली.