जावईबापूंनी मिळवलेलं औषध

पडदे शिवणाऱ्या बाईंना बढाईखोर माणसांचा भारी तिटकारा, आणि नेमका तसाच जावई त्यांच्या वाट्याला आला. जिथे त्याची ओळख नाही असं ऑफिस जगात नव्हतं. पण त्या ओळखींतून घरातला गळका नळ काही कधी दुरुस्त झाला नव्हता.

एकदा बाईंच्या पायावर कात्री पडली. जखम चिघळली, हुडहुडी भरली, ताप चढला. रक्तात जंतू गेलेत म्हणून इस्पितळात दाखल केलं. जरा सावरल्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई खाटेशी खुर्ची ओढून बसली.

"मावशी, यावर एक जुनं औषध आहे, एक नवं. कोणतं सरस, ते पाहायला चाचणी चाललीय. कुणाला कोणतं द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. ना तुम्हाला कळणार, ना मला. नको म्हणालात तरी उपचार नीटच होतील."

"म्हणजे कोणतं चांगलं, ते तुम्हालाही ठाऊक नाही?"

"ठाऊक असतं तर तेच नसतं का दिलं?"

घरात एक सर्वज्ञ पोसल्यावर असं उत्तर कानाला गोड लागतं. बाईंनी सही केली.

संध्याकाळी जावईबापू वॉर्डाच्या दारात उभे राहून फोनवर सगळ्यांना ऐकवत होते, "सासूबाईंना नवंच लावायला लावलं. वरून फोन गेला ना!"

"कॉम्प्युटरशीही ओळख आहे वाटतं?" बाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही आराम करा."

शेजारच्या खाटेवर एक शिक्षिका होत्या, त्याच चाचणीतल्या. त्या बेशुद्ध होत्या, म्हणून सही नवऱ्याने केली होती. तो दिवसभर त्यांचे तळवे चोळत बसे. जंतू आधीच हृदयापर्यंत पोचले होते, शिक्षिका गेल्या. नवरा त्यांच्या चपला पिशवीत भरत होता, तेवढ्यात जावईबापू सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "जुनं लागलं असणार. ओळख नसली की असंच."

नवऱ्याचा हात थांबला. "सही मीच केली होती," तो म्हणाला.

बाई सलाईन सांभाळत उठून बसल्या. "चालते व्हा! बाटलीत काय आहे ते देणाऱ्यांना ठाऊक नाही, आणि तुम्ही निकाल लावताय? तुमची ओळख आहे ती फक्त पहारेकऱ्याशी, तीही तो रोज अडवतो म्हणून!"

वॉर्ड हसला. तो नवरा मात्र पिशवी उचलून निघून गेला.

बाई बऱ्या झाल्या. पुढे चाचणी संपली आणि डॉक्टरीणबाईंचा फोन आला: दोन्ही औषधं सारखीच निघाली. बाईंना जुनं मिळालं होतं.

जावईबापू जेवत होते. घास गिळून म्हणाले, "मीच सांगितलं होतं, नव्याच्या नादी लागू नका, खात्रीचंच द्या!"

लेकीने ताटात मान घातली. बाई ताटावरून उठल्या. चपला घातल्या आणि पत्ता विचारत शिक्षिकेच्या घरी गेल्या.

दार अर्धवटच उघडलं. "ताई, तुम्ही?"

"दोन्ही औषधं सारखीच निघाली. तुमच्या सहीने काही बिघडलं नाही."

"नक्की?"

"नक्की काय ते माझा जावई सांगतो. मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा विचारून आलेय."

त्याने दार पूर्ण उघडलं. मग आत गेला, दुसऱ्या खुर्चीवर साचलेले कपडे उचलले आणि म्हणाला, "बसा."