आईवरचा लेख
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला झाशीच्या सदर बाजारातला तो ब्लॉगिंगचा क्लास आठवतो आणि अजूनही डोकं तापतं. घरबसल्या ब्लॉग लिहून कमवायला शिकवतो, असं सांगणाऱ्या सरांकडे मी भर उन्हात जात असे. पहिला लेख मी नुकत्याच गेलेल्या आईवर हिंदीत लिहिला आणि तपासायला त्यांच्याकडे पाठवला. काही दिवसांनी तोच लेख त्यांच्या ब्लॉगवर दिसला, वर त्यांचं नाव आणि मधेमधे जाहिराती. मी वर्गातच जाब विचारला, तर हसून म्हणाले, "मैडम जी, इंटरनेट पर सब चलता है." मी फोन काढून सगळ्यांसमोर तो लेख वाचला. जन्म झाशीत काढलेली आई शेवटी हिंदी विसरली होती आणि नर्सकडे मराठीतच पाणी मागायची, असं लिहिलं होतं तिथे थांबून विचारलं, "सर, आपकी माँ मराठी बोलती थीं?" त्यांनी मान खाली घालून लेख ब्लॉगवरून काढला, पण माफी मागितली नाही. आता माझ्या ब्लॉगवर थोडीफार कमाई होते. आईच्या लेखावर मात्र मी आजवर एकही जाहिरात लागू दिलेली नाही.