फाटकावरचा सदस्य

"तू हितंच फाटकाजवळ थांब, हवालदार. सायेब लोक आले की कडक सॅल्यूट ठोक. छातीवरची बिल्लं लई शोभत्यात तुला."

एवढं बोलून धान्य वाटणाऱ्या सोसायटीचे चेअरमन कचेरीत गेले. ती बिल्लं नव्हती. पदकं होती. एकाहत्तरच्या लढाईतून आणलेली.

मी बेंबळीहून एस.टी.नं उस्मानाबादला आलो होतो ते बैठकीला. दुष्काळाचं साल. फौजीच्या घरांना धान्य द्यायचं ठरलं होतं. पण तहसीलची यादी वेगळी, सैनिक कार्यालयाची वेगळी, सोसायटीची तिसरीच. आमच्या बौद्ध वस्तीतली चार फौजी घरं तिन्ही याद्यांत नव्हती. दोन घरांतले कर्ते सीमेवर, दोन घरांतले कायमचे गेलेले. चुली थंड. मग सगळ्यांनी मिळून एकच यादी करावी म्हणून संयुक्त समिती झाली. माजी सैनिकांतर्फे सदस्य म्हणून माझं नाव आलं. तसं पत्र खिशात होतं.

तरी मी फाटकावर उभा राहिलो. का राहिलो? पंधरा वर्षं हुकूम ऐकायची सवय. आणि त्याच्याही आधीची, बापाच्या कमरेतली. बाप पाटलाच्या दारात वाकून जोहार घालायचा. धर्मांतर केलं त्या दिवशी त्यानं जोहार सोडला. मी मात्र कोट घालून, टोपी घालून, ताठ मानेनं तोच घालत होतो. त्याला सॅल्यूट म्हणत होतो एवढंच. आजही आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

तहसीलचे साहेब आले. ठोकला. चेअरमनचा जावई आला, त्याचा समितीशी काडीचा संबंध नव्हता. त्यालाही ठोकला. तो हसला आणि जीपवर लक्ष ठेव म्हणाला. मग सैनिक कार्यालयाचे कॅप्टनसाहेब आले. त्यांनी सवयीनं उलट सॅल्यूट दिला आणि आत गेले. माझं नाव त्यांच्याच कार्यालयानं सुचवलं होतं. तू बाहेर का, एवढंसुद्धा विचारलं नाही.

खिडकी उघडी होती. कारकून हजेरी घेत होता. माझं नाव आलं. मग चेअरमनचा आवाज आला.

"लिवा गैरहजर."

मी दहा पावलांवर होतो. त्यांच्याच हुकमानं उभा होतो. आणि वहीत मी आलोच नव्हतो.

फौजेत पहिल्या आठवड्यात शिकवतात, डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट नाही. मी टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि आत शिरलो. एक खुर्ची रिकामी होती, तीत बसलो. टोपी काढल्याचा अर्थ तिथं एकट्या कॅप्टनसाहेबांना कळला. ते खाली कागदात बघत राहिले.

खिशातलं पत्र कारकुनापुढं ठेवून म्हणालो, गैरहजर खोडा. त्यानं चेअरमनकडं पाहिलं, पत्राकडं पाहिलं आणि खोडलं. मग मी चार घरांची नावं वाचायला लागलो. चेअरमन म्हणाले, नंतर बघू, अर्ज देऊन ठेव.

"अर्ज तीनदा दिलाय. आज म्या अर्जदार न्हाय, सदस्य हाय. नावं आत्ता लिवा."

चेअरमन उठले. बैठक संपली म्हणाले. कालपर्यंत एका यादीवर ज्यांचं जमत नव्हतं ते सगळे एका दमात उठले. त्या दिवशी तेवढंच सहकार्य मी पाहिलं.

नावं लिहिली गेली नाहीत. वस्तीत परतल्यावर त्या चार घरांना काय सांगायचं, ते मला सुचेना. पण स्टँडकडं चालताना एक पक्कं ठरवलं. पुढच्या बैठकीचं पत्र मला येणार नाही. न येवो. मी जाईन. चारी नावं लिहून होईपर्यंत दर बैठकीला जाईन, आणि ज्याला मला बाहेर काढायचं आहे त्यानं खुर्चीसकट उचलून काढावं.