परदेशी बाळंतीण

बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली मी पहिल्या बाळंतपणाला अमेरिकेहून केडगावला माहेरी आले. सातवा महिना, डोळ्यांवर काळा चष्मा आणि डोक्यात हवा. नवऱ्यापाठोपाठ मीही तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. "ते घेतलंस की इकडचं आपोआप सुटतं," असं त्यांनी बजावलं, तेव्हा मी म्हणाले, "सुटू दे. कागदच तो!" शपथेला पैठणी नेसून गेले आणि आईला वर फोटो पाठवला. केवढी ती अक्कल!

व्हिसा तीन महिन्यांचा. बाळंतपण आणि वर आठ दिवस विश्रांती, हा हिशेब माझाच. तिकडच्या बायका आठवड्यात मोटार चालवतात म्हणे! प्रत्यक्षात बाळ उशिरा आलं, आणि मला साधी कूस बदलताना आई आठवायची. व्हिसा संपणार बाळाच्या सहाव्या दिवशी, आणि आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. वडिलांनी नगरला पोलीस कचेरीत मुदतवाढीचा अर्ज दिला.

चौकशीला एक जमादार आले. मी आतल्या खोलीत, बाजेखाली शेगडी, कानांना फडकं. तरी सगळं ऐकू येत होतं.

"परदेशी बाई कुठं हाय?"

"परदेशी कुणी नाही. माझी लेक आहे, बाळंतीण."

"कागदावर अमेरिकन हाय, माय. मुदत संपली की जावं लागंल."

"आणि बाळ?"

"त्ये हितं जन्मलं. साहेब म्हनले, त्ये आपलंच. त्याला कुनी जा म्हननार न्हाई."

आईनं पदर खोचला. मग म्हणाली, "बाळाला राहू देता ना? मग त्याचं दूध कसं हो विमानात बसवता?"

जमादार खोकले. "लिवतो तसंच," म्हणाले. निघताना आईनं त्यांच्या हातावर माझ्या वाटणीचा डिंकाचा लाडू ठेवला.

तीन महिने वाढवून मिळाले. वडिलांनी कागद वाचून दाखवला तेव्हा आई शेगडीत ओवा टाकत होती.

"पुढच्या खेपेलाही असंच विचारावं लागेल का गं?"

"हो."

तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. "मग याचं बोट धरून येत जा."

मी रडायला लागले, तशी तिनं दटावलं, "गप. ओल्या बाळंतिणीनं रडू नये, डोळे जातात."