अक्काची लेन्स

नव्या नायलॉनचा वास आला की मला आमच्या महादेवपुऱ्यातल्या घराचा हॉल आठवतो. माझी मोठी बहीण, आमची अक्का, हिमालयात हिमबिबट्याचे फोटो काढायला निघाली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाठीवर जड ओझं घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. अक्काने जाणं रद्द केलं नाही, ओझंच कमी करायला घेतलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा फरशीवर मांडून ती एकेक वस्तू तोलत बसली. जुना तंबू देऊन टाकून तिने चालायच्या काठ्यांवरच उभा राहणारा, ओढणीसारखा पातळ, नायलॉनचा नवा तंबू आणला होता. टूथब्रशचा दांडासुद्धा करवतीने निम्मा कापला. मी थक्क होऊन बघत होतो. आईने चटणीचा स्टीलचा डबा पुढे केला. "स्वल्पच आहे गं, राहू दे." अक्का हसली. "आई, स्वल्प स्वल्प करतच पाठ मोडते." चटणी तिने पिशवीत बांधून घेतली, डबा परत दिला. शेवटी तिने काट्यावर हातभर लांबीची लेन्स ठेवली. आकडा बघून मी म्हणालो, "अक्का, हीच सगळ्यात जड आहे. ही काढ की!" तिने लेन्स आपल्या एकुलत्या एका स्वेटरात गुंडाळली आणि सॅकमध्ये अगदी मधोमध ठेवली. "अरे, हिच्यासाठीच तर बाकीचं सगळं हलकं केलं." काल ऑफिससाठी घेतलेली नवी सॅक उघडली, तर तोच वास आला. लॅपटॉप, चार्जर, डबा, छत्री असं सगळं भरलं आणि हात थांबला. यात माझी लेन्स कुठली?