शंभर गुणांची झोप

माझ्या बहिणीचा नवरा ऑर्लिन ट्वेटन हा आमच्या नॉर्डाल गावातला सगळ्यात उत्तम झोपणारा माणूस आहे, असं त्याचा फोन रोज सकाळी सांगायचा. फोनचं काय जातंय सांगायला? शेजारच्या घरात मी राहते. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की त्याचं घोरणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं. नुसतं घोरणं असतं तर मी नावं ठेवली नसती, आमच्या वडिलांनीही छप्पर हलवलं होतं. पण ऑर्लिनचं घोरणं मध्येच बंद पडायचं, श्वाससुद्धा, आणि मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा तो हिसका देऊन पुन्हा सुरू व्हायचा. रात्रभर हाच खेळ. दिवसा साहेब पेंगायचे. प्रवचनात पेंगायचे, जेवताना पेंगायचे, एकदा तर माझ्या ताटातल्या खिमा-बटाट्याच्या हॉटडिशकडे बोट दाखवून काहीतरी सांगता सांगता बोट तसंच ठेवून झोपले.

आणि हा माणूस पोटासाठी करायचा काय, तर ट्रक चालवायचा. उन्हाळ्यात खडी, हिवाळ्यात बर्फ ढकलायची गाडी, आणि ऑक्टोबरात साखरेचं बीट. बापाची शेती थोरल्या भावाला गेली, याच्या वाट्याला स्टिअरिंग आलं. त्याचं दुःख त्याने बढाया मारून भरून काढलं. त्याने पकडलेला मासा दर वर्षी वाढायचा, मेल्यानंतरसुद्धा. माझ्या बहिणीने, मार्विसने, भाजलेल्या ॲपल पायला जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं की हा सांगणार, "यंदा आमची पाय जिंकली." याने त्या पायला हात लावला असेल तर फक्त खाताना.

दोन वर्षांपूर्वी ट्रकवाल्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी त्याच्या मानेचा घेर मोजला, झोप तपासली आणि सांगितलं, रात्री नाकावर मुखवटा लावून हवेची मशीन वापरायची. वापरली तर लायसनचा दाखला, नाहीतर ट्रक विसरा. लबाडी करायला नको म्हणून मशीन स्वतःच रोज क्लिनिकला हिशोब कळवायची. किती तास मुखवटा होता, हवा गळली का, श्वास किती वेळा थांबला. तोच हिशोब ऑर्लिनच्या फोनवर गुण होऊन यायचा. चांगले पडले की पडद्यावर टाळ्या वाजवणारे दोन हात दिसायचे. साठी ओलांडलेल्या माणसाला बालवाडीत बसवलं होतं, आणि तो मजेत बसला होता.

पहिल्या आठवड्यात मात्र त्याने झोपेत मुखवटा ओढून फेकला. गुण इतके वाईट की क्लिनिकमधून जोलीन नावाच्या नर्सचा फोन आला. ऑर्लिन भडकला. "डुकराचं थोबाड लावून मी झोपणार नाही," म्हणाला, आणि पाठ करून झोपला.

मार्विसने मुखवटा उचलला. तिने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. जमिनीवर पडलेली वस्तू तशीच ठेवणं तिच्या रक्तात नाही. तिने तो भांड्यांच्या साबणाने धुतला आणि बघू तरी किती त्रास होतो म्हणून स्वतःच्या नाकावर चढवला. मशीन कानाशी घुमायला लागली, त्या आवाजात नवऱ्याचं घोरणं बुडालं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझी बहीण उजाडेपर्यंत झोपली. सकाळी फोनने टाळ्या वाजवल्या. शंभरपैकी शंभर.

ऑर्लिनने फोन बघितला आणि काय म्हणाला असेल? "आता जमायला लागलं मला."

दुसऱ्या रात्री मार्विसने पुन्हा मुखवटा लावला. मला हे तिने वसंत ऋतूत सांगितलं, ते पण मीच तिच्या नाकावरचा लाल वळ बघून खोदून विचारलं म्हणून.

"अगं, पण हे त्याचं औषध आहे," मी म्हणाले. "तू घेऊन त्याला गुण कसा येईल?"

"दाखला गेला तर हा घरात बसेल, आर्डिस," ती म्हणाली. "दिवसभर. माझ्यासमोर."

ऑर्लिनला दिवसभर घरात ठेवण्याची शिक्षा मी शत्रूलाही दिली नसती.

आयत्या बिळावर नागोबा कसा डोलतो हे बघायचं असेल तर त्या वर्षी आमच्या सहकारी गोदामात सकाळच्या कॉफीला यायला हवं होतं. तिथे म्हातारे फासे टाकून कॉफीचे पैसे कोण देणार ते ठरवतात. त्यातल्या निम्म्यांच्या उशाशी तीच मशीन. कुणाला सत्तर, कुणाला ऐंशी. ऑर्लिन फोन टेबलावर उताणा ठेवायचा, शंभराचा आकडा सगळ्यांना दिसेल असा.

"मनाची तयारी लागते," तो सांगायचा. "आणि मान सरळ ठेवायची. तुम्ही लोक वळवळता."

मी बाजूला कुत्र्याचं खाद्य घेत उभी होते. मी म्हणाले, "ऑर्लिन, तू एवढा झोपतोस तर डोळे का असे सुजलेत?"

"मेव्हणीबाई, त्याला कामाचा थकवा म्हणतात. तुम्हाला माहीत नसेल."

सगळे हसले. मी खाद्याची गोणी उचलून घरी आले.

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त राग मला त्या क्लिनिकचा आला. ऑर्लिन तिथे जाऊन सांगायचा की दिवसा झोप आवरत नाही. जोलीन पडद्याकडे बघायची, माणसाकडे नाही. पडद्यावर सगळं सुरेख. म्हणजे झोपेचा दोष नाहीच. मग त्याचं रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, हृदयाच्या डॉक्टरकडे फार्गो शहरात पाठवलं, कॉफी कमी करायला सांगितली. माझ्या बहिणीच्या निरोगी झोपेवर यांनी तिच्या नवऱ्याचा इलाज चालवला होता.

मग बीटची काढणी आली. क्लोव्स्टाड नावाच्या शेतकऱ्याकडे ऑर्लिनला रात्रपाळी मिळाली. काढणी एकदा सुरू झाली की दिवसरात्र थांबत नाही. जमीन गोठायच्या आत बीट साखर कारखान्याच्या ढिगावर पोचायला हवं. रात्रभर ऑर्लिन शेत ते ढीग फेऱ्या मारायचा आणि इकडे मार्विस जेवणं आटपून, दिवा मालवून, मुखवटा लावून झोपायची. तिला दुसरं सुचलंच नाही. नेमून दिलेलं काम चुकवायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक. नवरा बिछान्यात नसेल तर त्याची झोप तरी कशी बिछान्यात असेल, हा विचार त्या घरात दोघांनाही शिवला नाही.

एका पहाटे ऑर्लिनने भरलेला ट्रक सरळ नालीत घातला. ट्रक कलला, बीट शेतभर पसरलं, याला खरचटलंही नाही. त्याच वळणावर सकाळी शाळेची बस येते, हे सांगायला मला आजही बरं वाटत नाही. क्लोव्स्टाड भला माणूस. तो म्हणाला, "क्लिनिककडून झोप ठीक असल्याचं पत्र आण, उद्यापासून दुसरा ट्रक घे. माणसं मिळत नाहीत मला."

म्हणून आम्ही तिघं क्लिनिकला गेलो. मार्विसने मला बरोबर घेतलं. का, ते बोलली नाही, पण वाटेत एकदाही तिने ऑर्लिनकडे बघितलं नाही.

जोलीनने पडदा उघडला आणि तिचा चेहरा उजळला. "मिस्टर ट्वेटन, तुमच्यासारखा पेशंट मी बघितला नाही. अपघाताच्या रात्रीसुद्धा बघा, दहाला झोपलात ते थेट सहापर्यंत." मग ती थांबली. "अपघात किती वाजता झाला म्हणालात?"

"पाचला," मी म्हणाले. कुणीतरी बोलायला हवं होतं.

जोलीन पडद्याकडे बघत राहिली. मग तिनेच वाट काढली. "मशीनचं घड्याळ बिघडलं असणार. होतं असं कधी कधी."

"घड्याळच," ऑर्लिन लगेच म्हणाला. "मला आधीपासूनच शंका होती."

उचलली जीभ लावली टाळ्याला. जोलीन पत्र टाइप करू लागली. छापून आलेला कागद तिने पुढ्यात घेतला, पेन उघडलं. एका सहीने हा माणूस संध्याकाळी पुन्हा ट्रकमध्ये बसणार होता. मी तोंड उघडलं, पण मार्विसने माझ्या हातावर हात ठेवला.

"घड्याळ बरोबर आहे," ती म्हणाली. "मी झोपले होते."

"म्हणजे?" जोलीन म्हणाली.

"पहिल्या आठवड्यानंतर रोज मीच. त्याने एक रात्रही लावलेला नाही."

लग्नानंतर चारचौघांत तिने नवऱ्याचं बोलणं खोडलेलं मी प्रथमच ऐकलं. ऑर्लिन लाल झाला. "मग माझे शंभर..." एवढं बोलून तो थांबला. मला वाटतं, मुखवटा आपण लावतच नाही याचा त्या माणसाला खरोखरच विसर पडला होता. जोलीनने पेनाचं टोपण लावलं. दाखला त्याच दिवशी रद्द झाला.

परतताना मार्विसने गाडी घेतली, ऑर्लिन तिच्या शेजारी, मी मागे. तो तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत होता. गावाबाहेर पडायच्या आत त्याची मान छातीवर आली आणि घोरणं सुरू झालं. मग ते थांबलं. मी वाट बघितली. छाती हलत नव्हती, ओठ काळसर पडायला लागले. माझ्या घरात खिडकीतून ऐकणं वेगळं आणि हातभर अंतरावरून बघणं वेगळं.

मार्विसने रस्त्यावरची नजर न हलवता उजवं कोपर त्याच्या बरगडीत खुपसलं. तो हिसका देऊन जागा झाला, धापा टाकत राहिला.

"काय झालं?"

"श्वास घे," मार्विस म्हणाली. काहीच विशेष झालं नाही असा तिचा आवाज होता. मशीन येण्याआधी रात्रीमागून रात्री ती हेच म्हणत असणार.

तो बरगडी चोळत बसला. दोन्ही बाजूंनी बीटचे ट्रक जात होते. शेवटी त्याने विचारलं, "ट्रकमध्ये मला कोण ढोसणार होतं?"

"कुणीच नाही," मार्विस म्हणाली.